तुळशीबागेत हेच शंभरला मिळतं!

विचारा तर खरं : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गणपतीचं विसर्जन झालं की पुण्यातल्या हॉलबाहेर दिवाळी प्रदर्शनांचे फलक लागायला लागतात, आणि माझ्याकडे दागिन्यांची पत्रं. यंदा तर गठ्ठा सोडला तेव्हा निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची निघाली. घरी मणी ओवणाऱ्या प्रत्येकीला (आणि एका मुलाला) टेबल लावायचं आहे. जरूर लावा. म्हणून या महिन्यात पाळणाघरं, गच्चीवरची गळती आणि सासरे-जावई वाद बाजूला ठेवून फक्त दागिनेच घेते आहे.

मी दोन वर्षं घरी मोत्यांचे आणि काचेच्या मण्यांचे दागिने करते. भिशीत, सोसायटीत विक्री बरी होते. दिवाळीआधी कर्वे रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये तीन दिवसांच्या प्रदर्शनात टेबल घ्यायचं मनात आहे. भाडं सहा हजार. हातात सहा आठवडे आहेत, साठेक दागिने तयार आहेत. अजून किती करू? किमती कशा लावू? घरचे म्हणतात, भाडंसुद्धा सुटणार नाही.
– एक वाचक, धायरी

घरच्यांची शंका आधी घेऊ, कारण ती रास्त आहे आणि तिचं उत्तर कागदावर निघतं.

टेबलाचे ६,०००. येण्याजाण्याची रिक्षा, तीन दिवसांचा चहा-डबा, पिशव्या, दिवा, टेबलावरचं कापड असे आणखी २,००० धरा. झाले ८,०००. तुमच्या दागिन्याची सरासरी किंमत समजा ४०० रुपये. त्यात साहित्य १२०. एका दागिन्याला पाऊण-एक तास लागतो आणि तासाचे दीडशे धरले, तर मजुरी १३०. उरले १५०. आठ हजारांना दीडशेने भागा : ५४ दागिने विकले गेले की खर्च निघाला आणि तुमची मजुरीही सुटली. तीन दिवसांत ५४, म्हणजे रोज १८. दहा तास हॉल उघडा असेल तर अर्ध्या-पाऊण तासाला एक. दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी हे जमण्यासारखं आहे. नुसत्या मंगळवार-बुधवार-गुरुवारी अवघड. तेव्हा तारखांचे वार बघा आणि मगच पैसे भरा. पितृपंधरवड्यात कुणी स्वस्तात टेबल देत असेल तर ते स्वस्त का आहे हे ओळखा. महिन्याची शेवटची तारीख आणि सहा तारीख यांतही फरक पडतो, पगारदारांच्या गावात तर फारच.

मजुरीचा आकडा वाचून ‘मी काय घरीच असते, माझ्या वेळेचे कसले पैसे’ असं मनात आलं असेल, तर मला ते मान्य नाही. तुमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाई स्वतःच्या वेळेचे पैसे लावतात आणि त्यांचं बरोबर आहे. उद्या मदतीला एखादी मुलगी ठेवावी लागली, तर तिचा पगार कुठून काढणार? मजुरी न लावता ठरवलेली किंमत नंतर वाढवता येत नाही, गिऱ्हाईक जुना भाव पाठ करून येतं.

माल किती? माझा ठोकताळा असा, की जितके विकायचे त्याच्या अडीच-तीन पट टेबलावर आणि टेबलाखाली हवेत. म्हणजे दीडशे. साठ आहेत, नव्वद करायचे. शेवटचा आठवडा काहीही नवीन करायचं नाही, तेव्हा पाच आठवडे, आठवड्याला अठरा. जमेल. पण हे नव्वद नव्वद प्रकारचे नकोत. भिशीत जे तीन-चार प्रकार हातोहात गेले तेच पुन्हा करा, रंग बदलून. नवशिक्या टेबलाची खूण म्हणजे प्रत्येक दागिना एकच आणि एकही दुसऱ्याशी न जुळणारा. बाई एक कानातलं उचलते, ‘यात हिरवा आहे का’ विचारते आणि तो नसतो. निम्मे दागिने कानातले ठेवा, कारण ते मापाशिवाय आणि फार विचार न करता घेतले जातात. चाळीसेक गळ्यालगतचे, वीसेक ब्रेसलेट आणि नथी, आणि पंधराच मोठे, हजार-बाराशेचे. ते मोठे विकले गेले नाहीत तरी चालतील. ते पाहायला बायका थांबतात आणि अडीचशेचं कानातलं घेऊन जातात.

मणी घ्यायला रविवार पेठेत जाल तेव्हा एका रंगाचे सगळे एकाच वेळी, एकाच लॉटमधले घ्या. पंधरा दिवसांनी त्याच दुकानात, त्याच नंबरचा राणी रंग वेगळा दिसतो, आणि अर्धी माळ एका छटेची, अर्धी दुसऱ्या छटेची होते. गिअर वायर (मणी ओवायची बारीक तार), जंप रिंग (जोडणीच्या छोट्या कड्या), लॉबस्टर लॉक (मागचा खटक्याचा हूक) यांत मात्र काटकसर नको. दागिना मण्यामुळे विकला जातो, पण परत येतो तो हुकामुळे.

आता तो शेवटचा आठवडा. प्रत्येक प्रकारातला एक दागिना स्वतः दिवसभर घाला, स्वयंपाक करताना आणि स्कूटरवरसुद्धा. कानातलं जड होतंय का, माळ उलटी फिरतेय का, हे आरशासमोर दोन मिनिटांत कळत नाही. मग जुनी शिफॉनची ओढणी घ्या आणि प्रत्येक दागिना तिच्यावरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे तारेचं टोक बाहेर आहे किंवा जंप रिंग नीट मिटलेली नाही. हीच टोकं पैठणीचा काठ ओढतात, आणि पैठणीवाली बाई ते विसरत नाही. कुठे फेविक्विक लावलं असेल तर उजेडात धरून बघा. त्याची वाफ मोत्यावर आणि धातूवर पांढरट धुकं सोडते. दोन घटकांचं इपॉक्सी वेळ घेतं, पण असं करत नाही.

घरच्या जेवणाच्या टेबलावर एकदा संपूर्ण मांडणी करून बघा. आयोजकांकडून टेबलाचं माप आधी विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी सहा फूट बाय दोन फूट असतं. सगळं सपाट मांडलं तर समोरून चालणाऱ्या बाईला फक्त ठिपके दिसतात. मागची रांग नजरेच्या उंचीला न्या. त्यासाठी महागडे स्टँड लागत नाहीत, पुठ्ठ्याच्या खोक्यांवर कापड घातलं तरी चालतं. कापड कोणतं? काळं मखमल सगळे वापरतात, आणि दुपारपर्यंत त्यावर हॉलमधली सगळी धूळ आणि केस दिसायला लागतात. मोत्यांना गडद निळी किंवा मेहंदी रंगाची खादी घ्या, जमिनीपर्यंत येईल एवढी, म्हणजे खालची खोकी आणि डबे झाकले जातात.

हॉलच्या ट्यूबलाइटखाली सोनेरी दागिना फिका पडतो. एक-दोन क्लिपचे एलईडी दिवे न्या : सोनेरी मालाला पिवळसर, तीन हजार केल्विनचा, मोती-चांदीला जरा पांढरा. प्लग आपल्या टेबलाशी आहे का हे आधी विचारा, लांब वायरचा बोर्ड तरीही न्या. आणि आरसा. एवढं सगळं करून आरसा विसरणाऱ्या बायका मी दर वर्षी बघते. एक चेहऱ्याएवढा उभा आणि एक हातातला.

एवढं झालं की आयोजकांना विचारायचं शेवटचं : एकूण दागिन्यांची टेबलं किती, आणि शेजारी कोण? एका प्रदर्शनात माझ्या शेजारी भजी तळत होते. तेलकट हातांनी मोती हाताळलेले मी तीन दिवस पुसत बसले होते.

गिऱ्हाईक दागिना हातात घेतं, कौतुक करतं आणि म्हणतं, ‘तुळशीबागेत हेच शंभरला मिळतं.’ मला तिथल्या तिथे रडू येतं. काय उत्तर द्यायचं?
– एक वाचक, कोथरूड

रडू येऊ देऊ नका, कारण ती बाई खोटं बोलत नाहीये. तसंच दिसणारं खरोखर मिळतं. राजकोटला आणि मुंबईच्या मालाडला डायवर, म्हणजे साच्यावर, एका नमुन्याचे हजारो नग निघतात, त्यांवर एकदम मुलामा चढतो आणि ते गाठोड्यांनी पुण्यात उतरतात. नारो अप्पाजी खिऱ्यांनी पेशवाईत बांधलेल्या राममंदिराभोवती जमलेला तो बाजार आहे, त्याला भावात हरवायला आपण कोण? मला स्वतःला टिकल्या आणि पिना तिथूनच लागतात.

तेव्हा भावावर बोलूच नका. तुळशीबाग जे करू शकत नाही तेवढं बोला. मी टेबलावर गोल पक्कड, चपटी पक्कड, कटर आणि जंप रिंगांची डबी उघडी ठेवते, दागिन्यांच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल अशी. ठुशी घट्ट होतेय? दोन मिनिटं बसा, मागे दोन इंच साखळी लावून देते. तन्मणीचं खोड, म्हणजे मधलं पदक, मोठं वाटतंय? लहान आहे, बदलते. कानातल्याचा हुक टोचतोय, फिरकीचं हवं आहे? करून देते. ज्या बाईचा गळा बाजारातल्या मापात बसत नाही, तिला ‘तुमच्या मापाचं करून देते’ हे वाक्य फार दिवसांनी ऐकायला मिळालेलं असतं. आमच्या लहानपणी घरातल्या बायका मंगळसूत्र आणि मोत्यांच्या माळा पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यायच्या. तो समोर बसून मापं घ्यायचा, दोरा झिजला की पुन्हा गाठवून द्यायचा. ती सोय आता सहज सापडत नाही. ती तुमच्या टेबलावर आहे हे दिसू द्या.

दुसरं म्हणजे दुरुस्ती. पावतीमागे लिहा : ‘ओवण सैल झाली तर वर्षभर मोफत ओवून देईन.’ परत येणाऱ्यांचा धाक वाटतो, पण नीट क्रिम्प केलेली, म्हणजे टोकं दाबून पक्की केलेली, गिअर वायर सहसा दगा देत नाही. आणि जी दुरुस्तीला येते ती रिकाम्या हाताने क्वचितच परत जाते.

घासाघीस करणाऱ्यांसाठी : किंमत चिठ्ठीवर लिहून प्रत्येक दागिन्याला बांधा. तोंडी सांगितलेल्या किमतीवर घासाघीस होते, लिहिलेल्यावर बरीच कमी. कमी करायचंच असेल तर ‘दोन घेतले तर इतके’ असा फलक आधीच लावा, म्हणजे माणूस बघून भाव केला असं होत नाही. शेवटच्या संध्याकाळी भाव पाडू नका. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे देऊन घेतलेली बाई मैत्रिणीला घेऊन तेव्हाच येते.

आणि ‘तुळशीबागेत शंभरला’ याला तोंडी उत्तर हवंच असेल तर हसून म्हणा, ‘हो, मिळतं. हे घालून तर बघा.’ आरसा पुढे करा आणि गप्प बसा.

मी २४ वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो. जयपूरहून ऑक्सिडाइज्ड (मुद्दाम काळपट केलेली) पेंडंट मागवतो आणि त्यांवर स्वतः तारकाम करून गळ्यातली बनवतो. मित्र म्हणतात बोर्डवर ‘हँडमेड सिल्व्हर ज्वेलरी’ लिही, जास्त विकेल. माल जर्मन सिल्व्हरचा आहे. चालेल ना?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

नाही चालणार, बाळा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल, एवढंच. ‘सिल्व्हर’ लिहिलंस तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या भाषेत ती दिशाभूल करणारी जाहिरात झाली. आणि कायदा राहू दे, पुण्यात एखाद्या काकू तुझा दागिना मोती चौकात सराफाला दाखवून परत येतील आणि भर हॉलमध्ये मोठ्या आवाजात बोलतील.

त्याहून महत्त्वाचं ते निकेल. बऱ्याच जणींना निकेलची ऍलर्जी असते : कानाच्या पाळीला खाज, मग पाणी सुटतं, मानेवर लाल पट्टा उठतो. एकदा ती सुरू झाली की सहसा जन्माची सोबत. युरोपात टोचलेल्या कानात घालायच्या दागिन्यातून किती निकेल झिरपलेलं चालेल यावर कायद्याने मर्यादा आहे. आपल्याकडे हे सांगण्याचं काम तुझं. पेंडंट कपड्यावर येत असेल तर बहुतेकींना त्रास होत नाही, पण कानातल्याची काडी आणि गळ्यामागची साखळी कातडीला लागते. तेवढे भाग ९२.५ चांदीचे किंवा सर्जिकल स्टीलचे घे. सर्जिकल स्टीलमध्येही निकेल असतं, पण ते घट्ट बांधलेलं असतं, फारसं बाहेर येत नाही. ज्यांना अगदीच सोसत नाही त्यांच्यासाठी टायटॅनियमच्या काड्यांच्या चार जोड्या वेगळ्या डबीत ठेव आणि तसं लिहून लाव. डायमिथाइलग्लायऑक्झाइम नावाचं रसायन मिळतं, त्याचे दोन थेंब कापसावर घेऊन धातूवर चोळले आणि कापूस गुलाबी झाला, तर निकेल सुटतंय. व्यापारी ‘निकेल-फ्री’ म्हणतो त्यावर विसंबण्यापेक्षा प्रत्येक नव्या मालाची अशी परीक्षा घेत जा.

खऱ्या चांदीचे काही नग ठेवणार असशील तर त्यांचा ट्रे वेगळा, चिठ्ठी वेगळी आणि ‘९२.५’ स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. सोन्याचा हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीला तो ऐच्छिक आहे, पण शिक्का असलेला माल विकताना तुला जास्त बोलावं लागत नाही. चांदी रबरबँडने बांधून ठेवू नकोस. रबरातल्या गंधकाने ती काळी पडते, आणि तुझ्या ऑक्सिडाइज्ड मालात ती खपून जाईल या भ्रमातही राहू नकोस. झिप लागणाऱ्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून ठेव.

बोर्डवर काय लिहायचं? ‘जर्मन सिल्व्हर (चांदी नाही), तारकाम हाताचं.’ पेंडंट जयपूरचं आहे हेही सांग. तुझं जे आहे ते तारकाम आहे, त्याचे पैसे माग.

कानातली आणि नथ घालून बघू द्यावी का?
– एक वाचक, नारायण पेठ

गळ्यातलं, हातातलं, दाबाची नथ : हो. टोचलेल्या कानात किंवा नाकात जाणारं : नाही, मग ते कुणीही असो. कानाशी धरून आरशात बघायचं. फलकावर ‘आपल्याच काळजीसाठी’ असं लिहा, कुणाला वाईट वाटत नाही. दाबाची नथ प्रत्येक वेळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, समोरच्या बाईला दिसेल अशी पुसा. मोत्यांना मात्र स्पिरिट लागू देऊ नका, फक्त तारेला.

मोठ्या जाऊबाई आणि त्यांच्या तीन मैत्रिणी दर प्रदर्शनाला पहिल्या सकाळी येतात, सगळ्यात चांगले नग बाजूला काढतात आणि ‘घरचा भाव लाव’ म्हणतात. नाही म्हणता येत नाही.
– एक वाचक, सातारा रस्ता

नाही म्हणू नका. प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी त्यांना घरी चहाला बोलवा. ‘वहिनी, बाहेर मांडायच्या आधी तुम्ही बघून घ्या’ म्हणा. मान त्यांना मिळाला. तिथे जो भाव द्यायचा तो द्या. साहित्य आणि मजुरी निघेल इतका, फुकट नाही. जे जातील त्यांच्या जागी करायला तुमच्याकडे आठवडा असतो. आणि जाताना सहज सांगा, की हॉलमध्ये किमती लिहिलेल्या असतात, तिथे मला कुणासाठी बदलता येत नाहीत.

मैत्रिणींना चहाला बोलवायचं का? एकदा बोलवा. त्यांच्यातली एक तरी पूर्ण भावाचं गिऱ्हाईक निघते, जाऊबाई समोर नसल्या की.

जीएसटी, शॉप ॲक्ट, बिल, यातलं काय काय लागतं? आणि सगळे ऑनलाइन पैसे देतात, त्यात फसवणूक होते म्हणे?
– एक वाचक, निगडी

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. तीन दिवसांच्या टेबलावरून तुम्ही चाळीस लाखांची चिंता करताय हे मला आवडलं. मोठ्या ऑनलाइन दुकानांवर माल टाकायचा किंवा दुसऱ्या राज्यात प्रदर्शनाला जायचं असेल तर नियम वेगळे, तेव्हा एकदा सीएला विचारा. नोंदणी झालीच तर इमिटेशन दागिन्यांवर ३ टक्के कर आहे. ‘उद्यम’ची, म्हणजे छोट्या उद्योगांची, नोंदणी करून घ्या, ती सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाने मोफत होते. त्यासाठी दोन हजार मागणारे एजंट भेटतील, त्यांना चहासुद्धा पाजू नका. नोंदणी नसली तरी पावतीपुस्तक ठेवा : तारीख, दागिना, कशाचा आहे, किंमत. जीएसटी क्रमांक नसताना पावतीवर कर म्हणून वेगळी रक्कम लावायची नाही.

पैशांचं म्हणाल तर, ‘पेमेंट झालं’ असा हुबेहूब पडदा दाखवणारी खोटी ॲप्स आहेत. समोरच्याच्या मोबाइलकडे बघू नका, स्वतःच्या खात्यात आल्याचा आवाज किंवा संदेश बघा. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये नेटवर्क जातं, म्हणून आदल्या दिवशी आपल्या टेबलाच्या जागी उभं राहून मोबाइल तपासा. क्यूआरचा कागद टेबलावर मोकळा ठेवू नका, कुणी त्यावर स्वतःचा चिकटवून जाऊ शकतं. मांडणीच्या आतल्या बाजूला उभा करा आणि रोज सकाळी स्वतःच दहा रुपये टाकून बघा. शंभर-पन्नास-दहाच्या सुट्ट्या नोटा तरीही लागतात. पंच्याहत्तरीच्या आजी अजून बटव्यातून पैसे काढतात, आणि मोत्यांची पारख त्यांना सगळ्यांत जास्त असते.

मी ६४ वर्षांची आहे. हलव्याचे दागिने चांगले करते, घरच्या सगळ्या सुनांचे आणि नातवंडांचे मीच केले. मैत्रिणी म्हणतात जानेवारीत टेबल लाव. झेपेल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

झेपेल, पण टेबल जानेवारीत नाही, डिसेंबरात लावा. आणि विकायला नाही, ऑर्डरी घ्यायला.

हलव्याच्या दागिन्यांचा हंगाम संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. त्यानंतर त्यांना काही किंमत नाही. आणि पुढच्या वर्षासाठी ठेवावेत तर पावसाळ्यात साखर सुटते आणि मुंग्यांना आपल्याआधी पत्ता लागतो. ज्या सुनेची पहिली संक्रांत आहे, तिच्या सासूबाई डिसेंबरातच चौकशी करायला लागतात, काळी साडी ठरली की लगेच. तेव्हा टेबलावर तीनच संच मांडा : एक पूर्ण, म्हणजे हार, मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, नथ, सगळं, एक आटोपशीर, आणि एक बोरन्हाणाचा, मुकुट आणि बासरीसकट. खाली काळं कापड. इथे मात्र काळंच, कारण घालायचं काळ्यावरच आहे. जवळ वही ठेवा, निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि द्यायची तारीख आठ जानेवारीच्या पुढची घेऊ नका. थंडी पडून हवा कोरडी झाली की हलव्याला काटा छान येतो, पण ढगाळ दिवस मध्येच येतातच, त्यांच्यासाठी हाताशी वेळ हवा.

वहीत किती ऑर्डरी घ्यायच्या हे आधी ठरवा. एक संच करायला तुम्हाला किती बैठका लागतात ते तुम्हालाच ठाऊक. तेवढ्या झाल्या की वही मिटायची. चष्मा, कंबर आणि सुया ओवून देणारी नात, तिघांचा अंदाज घेऊन आकडा ठरवा.

संध्याकाळी पाच ते आठ ही खरी वेळ, तेव्हा तुम्ही स्वतः बसा. सकाळी सुनेला बसवा. पाठ टेकता येईल अशी खुर्ची घरून न्या, हॉलच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर चार तास बसवत नाही. आणि शेजारच्या टेबलवालीशी पहिल्या दहा मिनिटांत ओळख करून घ्या, कारण बाथरूमला जाताना गल्ला तिच्याच नजरेखाली राहणार आहे.

बोरन्हाणाच्या संचाबद्दल एक सक्त सांगणं. बाळ ते तोंडात घालणारच. म्हणून त्यात गोंद, टाचणी, चमकी, सोनेरी कागद, मणी यांतलं काहीही नको. सगळं जाड दोऱ्याने ओवलेलं आणि प्रत्येक चार-पाच दाण्यांनंतर गाठ, म्हणजे दोरा तुटला तरी दाणे एकदम सुटणार नाहीत. हलव्याचा दाणाही लहान बाळाच्या घशात अडकू शकतो, तेव्हा फोटो झाले की मुकुट आणि हार लगेच काढून ठेवा असं चिठ्ठीवर लिहून द्या. मोठ्यांच्या संचात गोंद वापरला असेल तर ‘खाण्यासाठी नाही’ असं लिहा. आणि ऑर्डर घेताना बाळाच्या डोक्याचा घेर टेपने मोजून आणायला सांगा. आई अंदाजाने सांगते त्या मापाचा मुकुट बहुतेक वेळा नाकावर येतो.